पुण्याला धाडलेली दोन पत्रं

बारामतीचं रेडिओ स्टेशन मी बंद पाडलं. कुणाच्या चिथावणीनं नाही, कुणाच्या धाकानंही नाही. टाक शाईत बुडवून, रेघांच्या कागदावर, सुवाच्य अक्षरात मी ते बंद पाडलं. आणि त्याचा ठपका दुसऱ्याच माणसावर बसला तेव्हा मी त्याच्यापासून तीन हातांवर उभा होतो आणि गप्प राहिलो. या पुस्तकात मी आतापर्यंत घरच्या गरिबीबद्दल, शाळेबद्दल बरंच लिहिलं. हे प्रकरण मात्र पुढं ढकलत आलो. आता ढकलायला जागा उरली नाही.

स्टेशन म्हटलं की लोकांना इमारत दिसते. आमचं स्टेशन म्हणजे दत्तूतात्यांच्या दुकानामागची खोली. पुढच्या बाजूला घड्याळं, सायकली आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान, मध्ये गोणपाटाचा पडदा, आणि मागं आठ बाय सहाची ती खोली. आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना गोणपाट ठोकलेलं होतं. गोणपाट गुळाच्या बाजारातलं, त्यामुळं मुंग्या बाराही महिने. परसात दोन उंच बांबू, त्यांच्यामध्ये तांब्याची तार, आणि तारेवर कावळे. तात्या लढाईत बिनतारी संदेशाच्या पलटणीत होते. ब्रह्मदेशात त्यांचा उजवा कान कायमचा गेला. परत येताना ते एक कान आणि डोकं भरून विद्या घेऊन आले. पुण्याच्या जुन्या बाजारातून लष्करी सामानातले व्हॉल्व्ह, गुंडाळ्या, मोजायची यंत्रं गोणीनं विकत आणून त्यांनी ते यंत्र बनवलं. ते ट्रकच्या बॅटऱ्यांवर चालायचं आणि त्याचा आवाज गाव आणि भोवतालच्या पाच-सहा वाड्या, एवढाच जायचा. गावात मोठे रेडिओ मोजून दहा-बारा असतील. पण तात्यांनी खड्याचे रेडिओ करून लोकांना वाटले होते. सिगारेटच्या डब्यात बसणारी ती वस्तू, तिला ना वीज लागे ना बॅटरी. कानाला भोंगळी लावली की आमचं स्टेशन ऐकू यायचं.

परवाना नव्हता. ही गोष्ट आम्हां सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणालाच तिचं काही वाटत नव्हतं. तात्या म्हणायचे, "आरं, गावात दवंडी पिटायला परवाना लागतो का? ही तारंवरची दवंडी हाय."

मी तिथं पोचलो तो वडिलांच्या आवाजामुळं. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गुळाच्या बाजारात मापाडी होते. पहिली ढेप काट्यावर चढली की ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन. तो 'लाभ' असा निघायचा की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला बैलांचे कान हलत. सुट्टीत मी त्यांच्यासोबत जायचो, त्यांच्या मागून म्हणायचो. एकदा तात्या काटा दुरुस्त करायला आले होते. त्यांनी डावा कान माझ्याकडं केला आणि म्हणाले, "बाबूराव, तुमच्या पोराचा आवाज बेंबीपासनं येतोय. संध्याकाळी जरा धाडून द्या."

संध्याकाळी साडेसहाला आम्ही सुरू करायचो. तात्यांचे नियम दोनच, दोन्ही पलटणीतले. पहिला नियम, बोलणाऱ्यानं आधी आपलं नाव सांगायचं. "बिननावाचं बोलणं म्हंजी अफवा," असं ते म्हणत. दुसरा, प्रत्येक निरोप दोनदा सांगायचा. पहिल्यांदा माणसाचा कान उघडतो, दुसऱ्यांदा तो ऐकतो. मी एकदाच सांगून पुढं गेलो की कानाला यंत्र लावून समोर बसलेले तात्या उजव्या हाताची दोन बोटं वर करायचे. मग मी नावापासून पुन्हा सुरुवात करायचो. "मी सदाशिव बाबूराव बोलतोय. उद्या कालव्याचं पाणी सणसरच्या फाट्याला सुटणार." हरवलेला बैल, रद्द झालेली यष्टी, गुळाचा भाव, दवाखान्यात येणारा डॉक्टर, कुणाच्या घरी बारसं. अशा बातम्या पुण्या-मुंबईचा रेडिओ कशाला देईल? त्या आम्ही द्यायचो, आमच्या बोलीत.

खोलीच्या पलीकडं काकूंचा, म्हणजे तात्यांच्या बायकोचा स्वयंपाक चालायचा. गोणपाट कितीही ठोकलं तरी फोडणीचा चर्र आवाज तारेवर जायचाच. दुसऱ्या दिवशी बाजारात बायका काकूंना विचारायच्या, "काल मेथी व्हती का वं?" काकू लाजायच्या, आणि साडेसहा ते सात चूल नुसती धगधगत ठेवायच्या. सातला तात्यांनी बटण बंद केलं की त्या मोठ्यानं म्हणायच्या, "झालं का तुमचं? आता माझं स्टेशन लावू का?" मग हुलग्याचे शेंगोळे. लसणाची फोडणी, वर कच्चं तेल, आणि सोबत काकवीत बुडवलेली भाकरी. आम्ही पितळीत हात घालून खायचो. पुढं मी पुण्यात, सोलापुरात कितीतरी ठिकाणी जेवलो. त्या शेंगोळ्यांची चव सांगायला मला अजून शब्द मिळालेला नाही, आणि मी तर शब्द सांगणाराच होतो.

स्टेशनचं सर्वांत लाडकं माणूस मी नव्हतो. ते होते केरबाआप्पा पोस्टमन. तांबूस मिश्या, पायात जाड वहाणा, खांद्यावर खाकी पिशवी. लांबच्या वाड्यांना ते आठवड्यातून एकदाच जाऊ शकत. पत्र येऊन पडायचं, आणि म्हातारी वाट बघत बसायची. आप्पांनी तात्यांना तोड सुचवली. सोमवारी आणि गुरुवारी ते स्टेशनवर येत आणि ज्यांची पत्रं आली त्यांची नुसती नावं सांगत. "मी केरबा पोस्टमन बोलतोय. भापकरांच्या वस्तीवरली गंगूबाई, तुझं पत्र आलंय. गंगूबाई, तुझं पत्र आलंय." दुसऱ्या दिवशी गंगूबाई पहाटे चालत पोस्टाच्या दारात. वाचता येत नसेल तर आप्पाच पायरीवर बसून पत्र वाचून दाखवायचे. अर्ध्या तालुक्यातल्या बायकांचं सुखदुःख त्या पायरीवर त्या माणसाच्या तोंडून बाहेर पडायचं आणि तिथंच राहायचं. मी एकदा गमतीनं विचारलं होतं, "आप्पा, पाटलाच्या सुनेच्या पत्रात काय असतं हो?" ते हसले नाहीत. "सदा, वरचा पत्ता समद्या गावाचा. आतलं ज्याचं त्याचं. हे ज्याला जमत न्हाय त्यानं पिशवी उचलू नये."

नावं सांगण्यावरून पोस्टमास्तरांनी त्यांना एकदा ताकीद दिली होती. आप्पांनी ती तात्यांना सांगितली, दोघं हसले आणि गुरुवारी आप्पा परत हजर. ही ताकीद लक्षात ठेवावी लागेल, कारण पुढं तिनंच त्यांचा घात केला. तिनं आणि मी.

त्या वर्षी मी मॅट्रिकला नापास झालो. इंग्रजीत. आठ दिवसांनी तात्यांनी सांगितलं, "सदा, आता संध्याकाळी जोशी मास्तर बोलतील. तू फक्त रविवारी ये." जोशी मास्तर इंग्रजी शाळेत शिकवायचे. त्यांचं मराठी पुस्तकातल्यासारखं होतं, त्यांच्या तोंडी 'हाय' आणि 'न्हाय' कधी आलं नसेल. मला कारण कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी स्वतःच ठरवून टाकलं की माझी बोली, माझं मापाड्याचं घर आता तात्यांना नकोसं झालं. सोमवारी घरी खड्याचा रेडिओ कानाला लावून मी मास्तरांचा आवाज ऐकला, भोंगळी काढून कोनाड्यात फेकली, आणि आईला म्हणालो, "तात्या दगलबाज हाय." आई भाकरी थापत होती. ती काहीच बोलली नाही. ती का बोलली नाही ते मला फार वर्षांनी, तिच्या शेवटच्या आजारात कळलं. तीच तात्यांकडं गेली होती. पोरगं पुन्हा परीक्षेला बसेस्तोवर त्याला संध्याकाळी मोकळं सोडा, म्हणून पदर पसरून आली होती. आणि माझं नाव सांगू नका, असंही म्हणाली होती.

तात्यांनी मला फसवलं ही समजूत घेऊन मी महिनाभर कुढत राहिलो. मग एका जुन्या वर्तमानपत्रात पुण्याच्या रेडिओ कचेरीची जाहिरात दिसली. निवेदक पाहिजेत. अनुभव असल्यास प्राधान्य. मी हरखलो. अनुभव! तालुक्यात माझ्याइतका अनुभव कुणाला होता? मी अर्ज लिहिला. शिक्षणाच्या रकान्यात 'मॅट्रिकपर्यंत' असं गुळमुळीत लिहिलं, आणि अनुभवाच्या रकान्यात ठळक अक्षरात: 'बारामती रेडिओ स्टेशन येथे दोन वर्षे निवेदक.' पाकीट केरबाआप्पांच्या हातात दिलं. त्यांनी पत्ता वाचला, मिशीतल्या मिशीत हसले. "पुण्याला व्हय? जा बाबा, मोठा हो. आमाला तितनं नावानं हाक मार."

पंधरा दिवसांत उत्तर आलं. आप्पांनीच आणून दिलं. टंकलिखित, सहीचं. आपण उल्लेखिलेल्या स्टेशनचा तपशील कळवावा: ठिकाण, चालक, वेळ, किती मीटरवर, कधीपासून. आज ते पत्र वाचणाऱ्या कुणालाही त्याचा अर्थ एका क्षणात कळेल. मला तेव्हा वाटलं, हे लोक माझा अनुभव तपासताहेत, म्हणजे नोकरी जवळजवळ मिळालीच. मी दोन रात्री खपून उत्तर लिहिलं. तात्यांचं पूर्ण नाव लिहिलं, पलटणीतली कामगिरी लिहिली, ते किती हुशार आहेत तेही लिहिलं. शेवटी नकाशा काढला: यष्टी स्टँड, गुळाचा बाजार, दुकान, परसातले दोन बांबू. बांबू पट्टी लावून काढले. हेही पाकीट आप्पांच्याच हातात दिलं, या खेपेला रजिस्टर. त्यांनी पावती फाडून दिली.

ते लोक बाजाराच्या दिवशी आले, भर दुपारी, जीप घेऊन. एक पांढऱ्या टोपीचे अधिकारी, एक कारकून, आणि इथल्या ठाण्यातले दोन शिपाई. अधिकारी सभ्य होते. त्यांनी तात्यांना नमस्कार केला, यंत्र बघितलं आणि मनापासून म्हणाले, "हे तुम्ही एकट्यानं केलंत? आम्हांला असा माणूस हवा होता." मग कारकुनाला म्हणाले, "लिहा." परसातले बांबू उतरवले गेले. काकू दारात उभ्या होत्या, त्यांच्या हातात तशीच पळी. बाजारातली माणसं गोळा झाली. गर्दीत मी होतो. कारकुनानं फाईल सायकलच्या खोगिरावर उघडी टाकली होती आणि वाऱ्यानं तिचं पान उलटलं. मला माझे दोन बांबू दिसले. पट्टी लावून काढलेले.

तात्यांना अटक झाली नाही. लढाईतली नोकरी बघून समज देऊन सोडलं. पण यंत्र गेलं, व्हॉल्व्ह गेले. खड्याचे रेडिओ ज्यांच्याकडं होते त्यांनी भीतीनं ते विहिरीत टाकले. जीप गेल्यावर दुकानात आम्ही चौघं उरलो. तात्या, जोशी मास्तर, मी, आणि पिशवीसकट थेट वाटेवरून धावत आलेले केरबाआप्पा.

तात्या स्टुलावर बसले होते. ते म्हणाले, "नकाशा हुता त्यांच्याकडं. बांबूसकट. घरातल्या माणसानं सांगितलंय."

मास्तर म्हणाले, "रेडिओची लायसनं पोस्टातून निघतात. ताकीदही पोस्टातूनच मिळाली होती. आपली कातडी वाचवायला कुणी काय करील..."

"मास्तर, तुमी गप बसा," तात्या म्हणाले. मग त्यांनी डावा कान आप्पांकडं वळवला. "केरबा, तू सांग. तुझ्या पोस्टातनं हे गेलं का?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही, एखादा श्वास. मला ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे. त्यांच्या हातानं दोन पाकिटं गेली होती, दोन्हींवर माझं अक्षर होतं. तेवढ्या वेळात मला आपलं नाव सांगता आलं असतं. दोन वर्षं मी रोज दुसरं काय करत होतो? मी पडद्याच्या गोणपाटावर चालणाऱ्या मुंग्यांकडं बघत राहिलो.

"टपाल समदं माझ्याच हातनं जातंय, तात्या," आप्पा म्हणाले. "पर मी कुणाला काय बोललो न्हाय."

"म्हंजी गेलं."

आप्पांनी पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा केला.

"कुणी धाडलं?"

"ते मला इचारू नगंस."

तात्या उठले, पडदा बाजूला केला आणि त्या रिकाम्या खोलीत जाऊन बसले. आप्पांसाठी तात्यांचं दार पुन्हा उघडलं नाही.

गावाला एवढं पुरलं. बाजारात पोरं आप्पांच्या मागून ओरडायची, "केरबा पोस्टमन बोलतोय, केरबा पोस्टमन बोलतोय!" म्हणून, दोनदा. यावर मोठी माणसंही हसायची. ते एकवेळ सोसता आलं असतं. पण बायका त्यांच्याकडून पत्र वाचून घेईनाशा झाल्या. गंगूबाई पत्र घेऊन पायरीवरून उतरली आणि समोरच्या दुकानातल्या कारकुनाकडं गेली, हे मी डोळ्यांनी बघितलं. आप्पा पायरीवर चष्मा हातात धरून बसले होते. त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही. आईला वाटलं ताप आलाय, तिनं हुलग्याचं माडगं करून पाजलं. तापाचं माडगं निरोगी माणसानं गिळावं, तसं मी ते गिळलं. आणि तरीही दुसऱ्या दिवशी काही बोललो नाही. पुण्याहून मला नोकरीचं पत्र कधी आलं नाही. चार-सहा महिन्यांनी आप्पांनी इंदापूरला बदली मागून घेतली.

लोकांना वाटतं अपराध माणसाला आतून खातो. माझा अनुभव वेगळा आहे. त्यानं मला आरामात जगू दिलं. मी मॅट्रिक झालो, कालव्याच्या कचेरीत कारकून झालो, लग्न केलं. फक्त मला कुठं नाव सांगून बोलायची वेळ आली की घसा बसायचा. मुलीच्या लग्नात आभार मानायला उभा राहिलो आणि पहिलाच शब्द फुटेना. लोकांना वाटलं, बापाचं मन भरून आलं.

गेल्या वर्षी कचेरीच्या कामानं सणसरला गेलो. केरबाआप्पा तिथं धाकट्या मुलाच्या मळ्यात राहतात हे मला बरीच वर्षं ठाऊक होतं. या खेपेला गाडी पुढं नेऊ दिली नाही. ते उसाच्या बांधावर बाजेवर बसले होते. मिश्या पांढऱ्या झालेल्या. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाले, "सदा का? अक्षर कसं हाय आता? तसंच रेखीव?"

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणालो, "आप्पा, माझं चुकलं."

त्यांनी पाय मागं घेतले. "म्या वाट बघितली तुझी. पयले आठ दिस बघितली. वाटलं, पोर भेदरलंय, येईल. मग म्हैना बघितली. मग बदलीचा अर्ज केला." त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि तेच मला सोसेना. "तात्या माझा जिवाचा माणूस. त्यानं मला दार लावलं. त्याचा राग न्हाय आला, त्याला ठावंच नव्हतं. तुला ठावं व्हतं."

"तुम्ही का नाही सांगितलंत, आप्पा? एका शब्दात सुटला असता."

"वरचा पत्ता समद्यांचा म्हनून मी सांगत आलो, खरं हाय. पर धाडणाऱ्याचं नाव पोस्टमननं सांगायचं नसतं. आन तू एकुनीस वर्सांचं पोर. तुझं तुला सांगता येत व्हतं." मग बाजेवरची घोंगडी झटकत म्हणाले, "माझी माफी मागून काय उपेग? मी काय केलं न्हाय हे मला ठावं हाय. ज्याला ठावं न्हाय त्याला सांग. अजून जिता हाय त्यो."

"तुम्ही येता?"

"येतो की. ऐकायला नगं का मला?"

रविवारी आम्ही दोघं यष्टीनं बारामतीला आलो. दुकानाच्या जागी आता सुनेचं शिवणकाम चालतं, पण मागची खोली तशीच आहे. तात्या तिथंच खाटेवर बसले होते. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. सून म्हणाली, "डावा कान बी गेला आता त्यांचा. लई मोठ्यानं बोलावं लागतंय."

आप्पांना बघून तात्यांचं तोंड मिटलं. त्यांनी मान भिंतीकडं वळवली. मी डाव्या बाजूला बसलो आणि हळूच म्हणालो, "तात्या, मी सदा."

"आं?"

"तात्या, ते पुण्याचं पत्र..."

"ऐकू येत न्हाय. कोण हाय?"

सून शिवणयंत्र थांबवून बघत होती. दारात शेजारची दोन पोरं आली होती. खालच्या आवाजात, एका खोलीत, तिघांतच हे उरकेल असं मी मनाशी धरलं होतं. ते होणार नव्हतं. मी उठून उभा राहिलो. आबा काट्याजवळ उभे राहायचे तसे पाय रोवले, आणि कितीतरी वर्षांत न काढलेला आवाज बेंबीपासून वर आणला.

"मी सदाशिव बाबूराव बोलतोय! पुण्याला पत्र मी धाडलं होतं! दोन पत्रं! नकाशा मी काढला होता! केरबाआप्पांनी कुणाला काही सांगितलं नाही! मी इथंच उभा होतो आणि गप्प बसलो! तात्या, आप्पा, माझ्या हातून गुन्हा झाला! मला माफ करा!"

गल्लीतली दारं उघडली. कुणीतरी बाहेरून विचारलं, "काय झालं वं?" तात्या माझ्याकडं बघत होते. मग त्यांनी मान वळवून केरबाआप्पांकडं बघितलं, बराच वेळ. आप्पा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, टोपी हातात घेऊन. तात्यांनी उजवा हात गोधडीतून बाहेर काढला. त्यांनी दोन बोटं वर केली.

मी नावापासून पुन्हा सुरुवात केली.